नर्सिंग एथिक्समधलं संशोधन: जगाचा कल, त्याचं वजन आणि बेळगावातला तुमचा विषय

प्रश्न निपाणीच्या एका एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा आहे. डिझर्टेशनसाठी नर्सिंग एथिक्स घ्यायचं तिनं ठरवलंय. जगात सध्या या विषयात कशावर संशोधन होतं, कुणाचं काम वजनदार मानायचं, आणि गाईड सुचवतात तसा ‘आयसीयूतल्या नर्सेसमधली मॉरल डिस्ट्रेसची (नैतिक घुसमटीची) पातळी’ हा विषय घ्यावा का, असं तिनं विचारलंय.

घेतला तर चालेल. सिनॉप्सिस पास होईल, टूल तयार मिळेल, शंभरेक सिस्टरांकडून फॉर्म भरून घेतले की काम उरकेल. पण तुम्ही ‘चालेल का’ याच्या पुढचं विचारताय असं वाटतं, म्हणून जरा लांबड लावते. मी हा विषय आधी वॉर्डात, मग वर्गात आणि आता एथिक्स कमिटीच्या टेबलावर बघत आले आहे. माझं मत असं की जगात काय चाललंय ते कसून वाचावं, पण विषय त्यातून उचलू नये. विषय वॉर्डातून घ्यावा आणि वाचनातून पद्धत घ्यावी. या क्षेत्राचा जो नकाशा आकडेवारीतून तयार होतो, त्यात आपल्याकडच्या फार मोठ्या गोष्टी उमटतच नाहीत.

आधी कल कसा बदलला ते बघू. आपल्या कॉलेजांत लॅम्प लायटिंगला जी शपथ म्हणतात ती 1893 ची, अमेरिकेतल्या डेट्रॉइटची. तिच्यात डॉक्टरांच्या कामात निष्ठेनं मदत करण्याचं वचन आहे. 1953 साली आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनं, म्हणजे आयसीएननं, पहिली आचारसंहिता स्वीकारली. तिच्यातही डॉक्टरांचे आदेश निष्ठेनं पाळणं हे कर्तव्यच होतं. 1973 च्या आवृत्तीत ते गेलं आणि नर्सची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्या माणसांप्रती, असं आलं. त्यानंतरचं जवळजवळ सगळं संशोधन याच वळणावरून निघालेलं आहे. आज्ञा पाळणं हाच धर्म असेल तर नैतिक प्रश्न उरतोच कुठं? जबाबदारी रुग्णाची आणि अधिकार मात्र दुसऱ्याचा, इथून प्रश्न सुरू होतो. (आपण वर्गात 2021 ची आयसीएन संहिता शिकवतो आणि स्टेजवर 1893 ची शपथ म्हणून घेतो. असो.)

1982 मध्ये कॅरल गिलिगन आणि 1984 मध्ये नेल नॉडिंग्ज यांनी काळजी घेणं हाच नैतिक विचाराचा पाया धरला. नर्सिंगला ते आपलं वाटलं आणि पुढची दहा-पंधरा वर्षं ‘नर्सिंग एथिक्स हे मेडिकल एथिक्सपेक्षा वेगळं आहे का’ या वादात गेली. 1994 मध्ये व्हेरेना चुडिन यांनी ‘नर्सिंग एथिक्स’ हे नियतकालिक सुरू केलं, तेव्हा या वादाला घर मिळालं. आज या क्षेत्राचा कोणताही आढावा घ्या, सर्वाधिक लेख याच नियतकालिकाचे निघतात.

आता मॉरल डिस्ट्रेस. अँड्र्यू जेमेटन या अमेरिकी तत्त्वज्ञानं 1984 मध्ये ही कल्पना मांडली. योग्य काय ते नर्सला कळतंय, पण संस्थेच्या अडसरांमुळं ते करणं जवळजवळ अशक्य आहे, अशा वेळची घुसमट. योग्य काय हेच कळत नाही ती दुविधा वेगळी, हा फरक त्यांनी केला आणि तो फार उपयोगी ठरला. तरी कल्पना मांडल्या मांडल्या संशोधनाचा पूर आला नाही. मेरी कॉर्ली आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मोजपट्टी दिली, तेव्हा तो आला. मोजता यायला लागलं की पीएच.डी. करता येते, हे आपल्या पेशाचं सत्य आहे. 2009 मध्ये एपस्टीन आणि हॅमरिक यांनी दाखवलं की प्रत्येक प्रसंगानंतर थोडा गाळ मनात उरतो आणि पुढच्या प्रसंगात घुसमट आधीच्यापेक्षा वरच्या पातळीवरून सुरू होते. 2012 मध्ये मोजपट्टी सुधारली, 2019 मध्ये 27 प्रश्नांची नवी आली. ‘पातळी मध्यम ते उच्च आहे’ असा निष्कर्ष असलेले लेख आता इतके झालेत की आणखी एकानं कुणाचं काय बदलणार, हा मला प्रामाणिक प्रश्न पडतो.

माझी खरी अडचण पुढं आहे. ही मोजपट्टी अमेरिकेतल्या आयसीयूत घडली. तिथली ठसठसती जखम म्हणजे उपयोग नसताना चालू ठेवलेले उपचार: व्हेंटिलेटर काढायला हवा तरी काढत नाहीत, नातेवाईक ऐकत नाहीत, डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत. आपल्याकडे हेही होतं. पण बेळगावातल्या कुठल्याही आयसीयूत रात्रपाळी केलेल्या सिस्टरला विचारा, तिला काय आठवतं? बरा होण्यासारखा पेशंट, आणि तिसऱ्या दिवशी भाऊ येऊन म्हणतो, “सिस्टर, आता झेपंना झालंय, डामावर सोडा.” (डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज.) गाय विकून झाली, पतपेढीचं कर्ज झालं, योजनेच्या कार्डात तो उपचार बसत नाही. सिस्टर सही घेते, सलाईन काढते, पायऱ्या उतरताना स्ट्रेचरला हातही लावते. 2012 च्या मोजपट्टीत पैशाचा प्रश्न आहे, पण तो खर्च कमी करण्यासाठी प्रशासन किंवा विमा कंपनी दबाव आणते असा. घरच्यांचे पैसे संपले, हा अडसर संस्थेचा धरायचा की कुणाचा? जेमेटनच्या व्याख्येलाच इथं ताण पडतो. तुम्हाला मॉरल डिस्ट्रेसच हवा असेल तर हा ताण पकडा. शंभर फॉर्मऐवजी पंधरा-वीस सिस्टरांच्या सविस्तर मुलाखती घ्या. गाईड ‘सॅम्पल लहान आहे’ म्हणतील. मुलाखतींच्या अभ्यासात नवीन काही निघेनासं झालं की थांबतात, हे त्यांनाही माहीत असतं. फक्त सिनॉप्सिसमध्ये ते नीट लिहा.

बाकीचे प्रवाह भराभर सांगते. लिंडा ओल्सन यांनी 1998 मध्ये रुग्णालयातलं नैतिक वातावरण मोजायचं साधन दिलं; मॅनेजमेंटच्या अंगानं लिहिणाऱ्यांना ते फार आवडतं. युरोपात, विशेषतः स्वीडन, नॉर्वे आणि बेल्जियममध्ये, वृद्धांची शुश्रूषा आणि सन्मान यावर खोल काम झालं. लूव्हेनच्या ख्रिस गास्टमन्स यांचं लिखाण वाचाच. फिनलंडमधल्या तुर्कूची हेलेना लेइनो-किल्पी यांची शाळा मोजमापात पक्की. 2019 ची नैतिक धैर्याची मोजपट्टी तिथलीच. इराणमधून रुग्णहक्क, नैतिक संवेदनशीलता, धैर्य यांवर इतके लेख येतात की आपल्यापेक्षा लहान देश संशोधनात कुठं पोचू शकतो याचं उदाहरण म्हणून बघावं. तुर्कस्तान आहे, अलीकडे चीन आहे. 2020 नंतर कोविडच्या साथीवरच्या लेखांचा पूर आला: पीपीई नसताना ड्युटी करायची का, मरणाऱ्याला घरच्यांशिवाय मरू द्यायचं का. 2021 मध्ये महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटी-पीसीआर दाखवल्याशिवाय गाड्या पुढं सोडत नव्हते. पलीकडच्या पेशंटचं आणि इकडून तिकडं कामाला जाणाऱ्या सिस्टरांचं काय झालं, यावर इथल्या एखादीनं लिहायला हवं होतं. अजूनही उशीर झालेला नाही. आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. त्यावरचे बरेच लेख अजून ‘असं होऊ शकेल’ या थाटाचे आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात केस पेपर हातानं लिहिला जातो तोवर तुम्ही तिकडं न गेलेलं बरं.

वजन कुणाचं हे कसं ठरवायचं? हल्ली एक सोपी वाट आहे. स्कोपस या संशोधन-लेखांच्या सूचीतून दोन हजार लेखांची यादी उतरवायची, लायडन विद्यापीठातल्या फान एक आणि वाल्टमन यांच्या व्हीओएस-व्ह्यूअर या सॉफ्टवेअरमध्ये घालायची, की रंगीत बुडबुड्यांचं चित्र येतं. मोठा बुडबुडा म्हणजे मोठा विषय. मी विरोधात नाही, स्वतः वापरते. पण तीन गोष्टी बघितल्याशिवाय त्या चित्रावर बोलू नका. एक, स्कोपसचे स्वतःचे इंडेक्स शब्द घेतले तर ‘ह्यूमन’, ‘फिमेल’, ‘आर्टिकल’ असलेच बुडबुडे सर्वात मोठे होतात. लेखकांनी दिलेले कीवर्ड घ्या आणि ‘नर्स’, ‘नर्सेस’, ‘नर्सिंग’ हे थिसॉरस फाईल करून एकत्र करा. दोन, उद्धरणांची (सायटेशन्सची) संख्या लेखाच्या वयावर जाते. 2001 चा लेख 2023 च्या लेखापुढं असणारच, म्हणून वर्षामागे किती उद्धरणं ते काढा. आणि मोजपट्टी देणाऱ्या लेखाला प्रत्येक वापरणारा उद्धृत करतो. ती दाद विचाराला मिळालेली असतेच असं नाही, बऱ्याचदा नुसत्या वापराची नोंद असते. तीन, इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे सरासरी उद्धरणांचा आकडा, नियतकालिकाचा असतो, लेखाचा नव्हे. 2012 चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि 2015 चा लायडन जाहीरनामा याच गोंधळावर आहेत. तरी आपल्याकडे प्रमोशनच्या मुलाखतीत अजून तोच आकडा विचारतात.

चौथी गोष्ट मात्र आपल्या दाराशी आहे, आणि ती कुठल्याही बुडबुड्यात सापडत नाही.

सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी झाली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचं मोठं कारण. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन चांगलं, पण घरी बाळंत होणाऱ्या बाईपर्यंत ते पोचत नव्हतं. म्हणून 1,620 बायकांपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेल्या तशाच गोळ्या, दिलं. बाळंतपणं करणाऱ्या, औषध देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या होत्या 25 एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी परिचारिका. 500 मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं, तीव्र रक्तस्राव 1.2 वरून 0.2 टक्क्यांवर. रिचर्ड डर्मन आणि जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधले सहकारी यांचा हा लेख 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्यामागच्या पुराव्यात ही चाचणी महत्त्वाची. ‘प्रभाव’ म्हणतात तो याहून मोठा काय असतो?

पण पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत ‘एथिक्स, नर्सिंग’ हा शब्द टाकून शोधलंत तर हा लेख हाती लागायचा नाही. त्याचे कीवर्ड प्रसूतिशास्त्राचे. उद्धरणं जमा होतात लेखकांच्या खात्यावर. त्या 25 जणी लेखात येतात आकडा म्हणून. आणि नर्सिंग एथिक्सच्या नजरेनं वाचलं तर हा लेख प्रश्नांनी भरलेला आहे. गावात जिच्या हातून तीन बाळंतपणं झाली ती अक्का चौथ्या वेळी पाकीट पुढं करते, आणि पाकिटात औषध आहे की नाही हे तिलाही ठाऊक नसतं. समोर रक्त जातंय आणि तिला ते मोजायचंही आहे, थांबवायचंही आहे. काळजी घेणारी आणि माहिती गोळा करणारी या दोन भूमिका एकाच देहात. प्लासिबो योग्य होतं का यावर डॉक्टर आणि तत्त्ववेत्ते वाद घालतात. त्यांच्या बाजूनं सांगायचं तर तेव्हा घरच्या बाळंतपणात दुसरं औषध मिळतच नव्हतं, त्यामुळं कुणाच्या तोंडचं काही काढून घेतलं नव्हतं. मला हा युक्तिवाद बराचसा पटतो. पण त्या एएनएमना काय वाटत होतं, हे विचारणं नर्सिंग एथिक्सचं काम आहे.

दुसरं उदाहरण अरुणा शानभाग यांचं. त्या मूळच्या आपल्याच राज्यातल्या, उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएममध्ये नर्स होत्या. 27 नोव्हेंबर 1973 च्या हल्ल्यानंतर 18 मे 2015 पर्यंत तिथल्याच नर्सेसनी पिढ्या बदलत त्यांची शुश्रूषा केली. 7 मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार या सेवकवर्गाचा मानला. कायद्याच्या वर्गात हा निकाल इच्छामरणाचा म्हणून शिकवतात. रुग्णाच्या वतीनं बोलायचा नर्सचा हक्क देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मान्य झाला, या बाजूनं तो आपण आपल्या मुलींना शिकवतो का?

त्याचा धागा थेट तुमच्यापर्यंत येतो. 2018 च्या निकालानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य झाला, जानेवारी 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, आणि 30 जानेवारी 2025 रोजी कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानं अंमलबजावणीचं परिपत्रक काढलं. उपचार थांबवायचे का हे ठरवणारी प्राथमिक आणि दुय्यम मंडळं, दोन्हींत डॉक्टर. नर्स नाही. रात्री दोन वाजता “आजोबा मागच्या आठवड्यात मला म्हणत होते की नळ्या नकोत” हे जिला माहीत असतं तिची जागा त्या कागदात कुठं आहे? बेळगाव, चिकोडी, गोकाक इथल्या आयसीयूंतल्या नर्सेसना हे परिपत्रक माहीत आहे का, आणि रुग्णाचं म्हणणं त्या कुणाला, कसं पोचवतात, हा माझ्या मते आत्ता घेण्याजोगा सर्वात ताजा विषय.

त्यालाच लागून आणखी एक: निदान लपवणं. “म्हाताऱ्याला सांगू नकासा हो, खचंल त्यो.” मुलगा हे सिस्टरच्या कानात सांगतो, आणि अर्ध्या तासानं म्हातारा तिचाच हात धरून विचारतो, “मला काय झालंय गं बाई?” पाश्चात्त्य लेखनात हे स्वायत्ततेचं उल्लंघन म्हणून निकालात निघतं. पूर्व आशियातल्या लेखनात कुटुंबाला निर्णयाचा भागीदार धरून जास्त समजुतीनं लिहिलेलं आहे. ते आपल्याला जवळचं. तरी मी कुटुंबाच्या नावानं सगळं माफ करणार नाही. सुनेचं निदान नवऱ्याला आधी सांगणं आणि बापाचं निदान मुलाला आधी सांगणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 च्या कायद्यानं गोपनीयता बंधनकारक आहे, आणि केस पेपरच्या कोपऱ्यातली लाल खूण ही त्या कायद्याची पायमल्ली आहे.

मला स्वतःला सर्वात मोलाचा वाटणारा विषय वरच्या चाचणीतून निघतो. या जिल्ह्यात गरोदर बायकांवर आणि बाळांवर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे. गावपातळीवर संमती बहुतेक वेळा एएनएम किंवा आशा यांच्या ओळखीतून येते. “अक्का सांगते म्हणजे चांगलंच असणार की,” असं म्हणून बाई अंगठा देते. ही संमती स्वेच्छेची म्हणायची का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागीला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार असावा, हे स्पष्ट आहे. खानापूर आणि निपाणीत तेवढ्यानंही भागत नाही. घरात मराठी बोलणारी तरुण सून कन्नड शाळेत शिकलेली असते, तिला कन्नड वाचता येतं आणि देवनागरी अडखळत. सासू मराठी शाळेची, तिचं बरोबर उलटं. म्हणून ‘मातृभाषा कोणती’ या रकान्यावर विसंबून फॉर्म निवडू नका. बोलता कशात आणि वाचता कशात हे दोन वेगळे प्रश्न विचारा. हा भाषेचा राजकीय प्रश्न नाही, तो बाहेर होऊ दे. इथं मुद्दा एवढाच की सही करणाऱ्या बाईला ‘कधीही बाहेर पडता येतं’ हे वाक्य कळलं का.

व्यवहाराचं थोडं. परदेशी टूल वापरणार असाल तर सिनॉप्सिसच्या आधी मूळ लेखकांना परवानगीचा मेल करा. उत्तराशिवाय कमिटीपुढं आलात तर फाईल परत जाईल. भाषांतर एकीनं करावं, मूळ न बघितलेल्या दुसरीनं उलट भाषांतर करावं, मग चार-पाच सिस्टरांना वाचायला देऊन त्या प्रत्येक प्रश्नाचा काय अर्थ लावतात ते ऐकावं. पैसे मागून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळं ‘यूजीसी मान्य’ या शिक्क्याला आता अर्थ नाही. मुंबईहून 1993 पासून निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ वाचायची सवय लावा. आपल्याकडच्या प्रश्नांची चर्चा तिथं होते.

आणि मुलाखती घेताना एक सांभाळा. आपल्याकडे तालुक्याला एक सरकारी रुग्णालय, त्यात मोजक्या सिस्टर. ‘तालुका रुग्णालयातली, वीस वर्षं अनुभव असलेली, मराठी बोलणारी इनचार्ज’ एवढं लिहिलंत की नाव न घेताही ती कोण ते सगळ्यांना कळतं, आणि पुढच्या महिन्यात तिची बदली निघते. तालुका गाळा, अनुभवाची वर्षं ढोबळ गटात लिहा, रेकॉर्डिंग कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, आणि छापण्याआधी तिचे उतारे तिला एकदा वाचून दाखवा. तिनं एखादं वाक्य काढायला सांगितलं तर काढा, ते कितीही चांगलं असलं तरी.